पक्ष्यांच्या घरात एअर प्युरिफायर घेताना



दिवाळी झाली की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून यायला लागतो. "ताई, आमच्याकडे कॉकटील आहे, एअर प्युरिफायर घेतोय, कोणता घेऊ?" दिल्ली, नोएडा, लखनौहून तर येतोच, आता पुणे, इंदूर, हैदराबादहूनही येतो. मी कंपनीचं नाव सांगत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात. आज सांगितलेलं पुढच्या वर्षी बाजारात असेलच असं नाही. त्यापेक्षा एक कसोटी सांगते. हे यंत्र हवेतून काही काढून घेतं, की हवेत काही सोडतं? काढून घेणारं घ्या. सोडणारं पक्ष्याच्या घरात नको.

ही कसोटी मी अनुभवातून शिकले. गाझियाबादला आमचा पहिला हिवाळा होता. सकाळी समोरची इमारत दिसायची नाही. घाईघाईने प्युरिफायर आणला. त्यावर एक वेगळं बटण होतं. दुकानदार म्हणाला, "ये दबाइए मॅडम, पहाड़ों वाली हवा." आम्ही दाबलं. खोलीत एक तिखटसर वास यायला लागला, झेरॉक्सच्या दुकानात मशीनजवळ उभं राहिलं की येतो तसा. आम्हाला वाटलं, हाच ताज्या हवेचा वास! चौथ्या दिवशी आमच्या चिंटूची शीळ बंद झाली. पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसला, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली. पक्षी बसल्या जागी असं शेपूट हलवायला लागला, तर त्याला श्वास घेणं जड जातंय असं समजा आणि थांबू नका.

डॉक्टरांनी त्याला हातात घेण्याआधी विचारलं, "घर में नया क्या आया है?" ते बटण आयोनायझरचं होतं. त्याच संध्याकाळी ते बंद केलं, पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवला, औषधं सुरू झाली. चिंटू वाचला, पण पुन्हा शीळ घालायला त्याला बारा दिवस लागले. त्या बटणामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, बाहेरची हवाही तेव्हा भयंकर होती. पण पैसे मोजून मी घरात जे आणलं, त्यात काय आहे हे मी वाचलं नव्हतं. ती चूक माझीच.

आता, पक्ष्यांनाच एवढा त्रास का? आपण श्वास घेतो तेव्हा हवा फुप्फुसात जाते आणि त्याच वाटेने परत येते. पक्ष्याचं तसं नाही. त्याच्या अंगात फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक जातींत नऊ. घेतलेली हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, मग फुप्फुसातून पुढच्या पिशव्यांत, आणि मग बाहेर. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसात ताजी हवा वाहत राहते. शिवाय हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा आपल्यापेक्षा खूप पातळ. उडायला लागणारा प्राणवायू मिळवायची ही अप्रतिम सोय आहे. पण जी सोय प्राणवायू पटकन आत घेते, तीच विषही पटकन आत घेते.

म्हणून तर ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात ही कल्पना सुचवली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला कळायच्या आत कॅनरी कोसळायची. १९८६ साली ही पद्धत बंद करून यंत्रं आणायचं ठरलं. तुमच्या बाल्कनीतला बजरीगर, ज्याला आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो, तोही त्याच बांध्याचा आहे.

तेव्हा काय घ्यायचं? साधं यंत्र. एक पंखा, पुढे जाळीचा प्री-फिल्टर, मग हेपा फिल्टर आणि मागे कार्बनचा थर. बस. हेपा म्हणजे दाट तंतूंची घडी घातलेली चादर. एच-१३ दर्जाचा हेपा अगदी अडवायला कठीण अशा सूक्ष्म कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवतो. खोक्यावर नुसतं "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" लिहिलं असेल तर ते हेपा नव्हे. कार्बन वास आणि काही वायू धरतो, पण थर जाड हवा. नुसती काळी पातळ जाळी फारसं काही करत नाही.

आणि काय टाळायचं? पहिलं, ओझोन जनरेटर. दुसरं, आयोनायझर किंवा प्लाझ्मा. यातून कमीजास्त ओझोन तयार होऊ शकतो. ओझोन आकाशात उंचावर आपलं रक्षण करतो, पण श्वासात गेला तर फुप्फुसाची आग करतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरगुती प्युरिफायरमधून ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन निघता कामा नये असा नियम आहे. पण तो माणसांसाठी ठरवलेला आहे, पक्ष्यांसाठी नाही. म्हणून माझं म्हणणं, ही सोय नसलेलंच यंत्र घ्या. असलीच तर ती कायमची बंद ठेवता येते का, आणि वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू तर होत नाही ना, हे दुकानातच करून बघा. तिसरं, यूव्ही दिवे आणि फोटोकॅटॅलिटिक फिल्टर. काही यूव्ही दिव्यांतून ओझोन निघतो आणि फोटोकॅटॅलिटिक फिल्टरमध्ये रासायनिक क्रिया अर्धवट राहून फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकतं. चौथं, सुगंधाची वडी किंवा अत्तर घालायची जागा. ती रिकामीच राहू द्या.

पाचवा मुद्दा नीट ऐका. हीटर आणि प्युरिफायर एकत्र असलेली यंत्रं मिळतात. नॉनस्टिक तव्यावर असतो तो पीटीएफईचा लेप फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. काही हीटरच्या आतही हा लेप असतो. कंपनीला लेखी विचारा: "तापणाऱ्या कुठल्याही भागावर पीटीएफई आहे का?" सरळ उत्तर आलं नाही तर ते यंत्र सोडून द्या.

आता आकाराचा हिशेब. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो. समजा खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट. झाले १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळली जावी असं धरलं तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. पण खोक्यावरचा आकडा पंखा सर्वांत जोरात असतानाचा असतो, आणि त्या आवाजात पक्षी बिचकतो, रात्री झोपत नाही. म्हणून २५० ते ३०० चं यंत्र घ्या आणि मंद गतीवर चालवा.

यंत्र पिंजऱ्याला चिकटून ठेवू नका. पाच-सहा फूट लांब, झोत पक्ष्याच्या अंगावर येणार नाही असं. वायर पन्हळीत झाका. चोच वायरवर चालते. पक्षी खोलीत मोकळा सोडत असाल तर वरची जाळी बघा, त्यात नखं अडकू शकतात. नवं यंत्र आधी दोन-तीन दिवस दुसऱ्या खोलीत चालवा, प्लॅस्टिकचा नवेपणाचा वास जाऊ द्या.

कॉकटील, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर पिसांची पांढरी भुकटी तयार होते. चिंटूने अंग झटकलं की यंत्रावरचा आकडा उडी मारतो. ही भुकटी वर्षानुवर्षं हुंगून माणसालाही फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, तेव्हा हा फिल्टर तुमच्यासाठीही आहे. प्री-फिल्टर दर आठवड्याला साफ करा, बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून. पक्ष्यांच्या घरात हेपाही कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधी भरतो. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. म्हणून यंत्र घेतानाच फिल्टरची किंमत विचारा.

शेवटी, प्युरिफायर काय करत नाही तेही सांगते, कारण पक्षी दगावतात ते बहुतेकदा इथेच. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेपासून तो वाचवत नाही. हवा गाळायला त्याला जो वेळ लागतो, तेवढा वेळ पक्ष्याकडे नसतो. घरात लोखंडी किंवा स्टीलचा तवा वापरा. उत्तरेच्या थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवतात. तिचा कार्बन मोनॉक्साइड ना हेपा अडवतो ना कार्बन, आणि तो माणसांनाही मारतो. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, डांबराच्या गोळ्या, फवारे हे पक्ष्याच्या खोलीत नकोत. एकीकडे धूर करायचा आणि दुसरीकडे प्युरिफायर लावायचा, यात अर्थ नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा हलवा. देव रागावणार नाही. आणि प्युरिफायर बाहेरची हवा आत आणत नाही. दिल्लीकडे हिवाळ्यात दुपारी हवा त्यातल्या त्यात बरी असते. आकडा बघून थोडा वेळ खिडकी उघडा.

तर मंडळी, दुकानात गेलात की विक्रेता तुम्हाला बटणं दाखवेल. तुम्ही त्याला एवढंच विचारा, "हे हवेत काही सोडतं का?" तो उत्साहाने "हो" म्हणाला, तर हसून पुढच्या यंत्राकडे वळा.

चिंटू आता नऊ वर्षांचा आहे. मागे जी शीळ ऐकू येतेय ना, ती त्याचीच. नमस्कार.