ज्ञानकोशाची सावड

श्रोतेहो, आपल्याकडील शेतकऱ्यांत सावड नावाची एक जुनी चाल आहे. एकट्याच्या हातून वेळेवर उरकणार नाही असे काम निघाले, म्हणजे शेजारचे चार शेतकरी येऊन ते करून देतात आणि त्यांच्या शेतात तसेच काम निघाले की हा त्यांच्याकडे जातो. पैशाची देवघेव नसते, लेखी करारही नसतो. तरी पेरणी वेळेवर होते. ज्ञानाच्या क्षेत्रात अशीच एक सावड सुमारे पंचवीस वर्षे चालू आहे आणि तिच्यातून जगातील सर्वांत मोठा ज्ञानकोश उभा राहिला आहे. त्याचे नाव विकिपीडिया. हा कोश किती मोठा, किती विश्वसनीय, याची चर्चा पुष्कळ होते. तो लिहिणारी अनोळखी माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आणि वस्तुतः या कोशाचे मर्म तेथेच आहे.

ज्ञानकोश म्हटला म्हणजे मराठी माणसाला प्रथम स्मरण होते ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टर झालेल्या या विद्वानाने मायदेशी येऊन, कंपनी काढून, भांडवल आणि वर्गणीदार जमवून, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. दोन्ही कार्ये थोर होत. दोहोंची पद्धत मात्र सर्वत्र रूढ असलेलीच होती. मंडळाने विषय ठरवावा, जाणत्याने लिहावे, संपादकाने तपासावे आणि मग छापलेला खंड वाचकाच्या हाती पडावा.

आंतरजालावर ज्ञानकोश काढण्याचा विचार जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी केला, तेव्हा तेही प्रथम याच वाटेने गेले. २००० साली त्यांनी न्युपीडिया नावाचा कोश सुरू केला. प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या तपासणीच्या सात पायऱ्या चढून आला पाहिजे, असा त्याचा दंडक होता. परिणाम असा झाला की, वर्षभरात जेमतेम वीस-बावीस लेख पुरे झाले. तेव्हा १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी शेजारी दुसरे दालन उघडले. तेथे कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे अशी मोकळीक होती. त्यासाठी लागणारी युक्ती वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थाने १९९५ सालीच शोधून काढली होती. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या बसगाडीच्या नावावरून त्याने तिला ‘विकी’ असे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा आहे. नाव सार्थ ठरले. पहिले वर्ष संपता संपता लेखांची संख्या वीस हजारांच्या आसपास गेली. आज हा कोश तीनशेंहून अधिक भाषांत आहे आणि एकट्या इंग्रजीत साठ लाखांहून अधिक लेख आहेत.

कोणीही लिहावे म्हटले की कोणी काहीही लिहील, ही भीती रास्त आहे. २००५ साली जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणी तरी खोटा आणि बदनामीकारक मजकूर घातला आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. या प्रकाराने कोशाची मोठी नाचक्की झाली. असे घडू नये म्हणून प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास राखून ठेवलेला असतो. कोणता शब्द कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला, हे कोणालाही पाहता येते आणि बिघडलेले पान क्षणात पूर्वीसारखे करता येते. परंतु यंत्र फक्त सोय करून देते. पाहणारा डोळा आणि सुधारणारा हात माणसाचाच लागतो, आणि ही माणसे बिनपगारी असतात.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? समजा, इंदूरच्या एखाद्या निवृत्त गृहस्थांनी तेथील राजवाड्यावर मराठीत चार परिच्छेद लिहिले. होळकरांची ही सात मजली वास्तू त्यांच्या नित्य पाहण्यातली. १९८४ च्या दंगलीत तिला लागलेली आगही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. मजकूर जिव्हाळ्याचा आहे. तथापि त्याला आधार दाखवलेला नाही, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत आणि मध्येच ‘आमच्या लहानपणी’ असे वाक्य येऊन गेले आहे. दोन-तीन दिवसांत कोणी शुद्धलेखन नीट करतो. दुसरा कोणी होळकरांच्या लेखाशी या लेखाचा दुवा जोडतो. तिसऱ्याने कधी इंदूरच्या प्रवासात राजवाड्याचे छायाचित्र काढलेले असते, ते तो येथे लावतो. चौथा आगीच्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतो. पाचवा मात्र लेखाला हात न लावता शेजारच्या चर्चा पानावर लिहितो की, आपला लेख वाचून आनंद झाला. आगीची हकीकत कोणत्या वर्तमानपत्रात किंवा ग्रंथात आली आहे ते कळवाल काय? आपली आठवण मोलाची आहे, पण कोशात छापील आधार असलेलेच ठेवता येते.

या पाच जणांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नसतात. एक पुण्यास असेल, एक वडोदऱ्यास, एखादा अमेरिकेत. पाचांत सर्वांत अवघड काम कोणाचे, असे विचारले तर ते पाचव्याचे होय. ज्याने कधी शाळेत वह्या तपासल्या आहेत त्याला हे पटेल. तांबड्या शाईची रेघ ओढायला क्षणही लागत नाही. पण ती रेघ पाहून मुलाने पुढचा निबंध अधिक उमेदीने लिहावा, अशा रीतीने ती ओढणे ही निराळीच विद्या आहे. पहिल्या चारांनी लेख सुधारला. पाचव्याने लेखक राखला.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी झाला. त्याच्या कर्त्यांनी या व्यवस्थेला जी मराठी नावे दिली आहेत, ती ऐकण्यासारखी आहेत. नवख्याने लिहून-पुसून सराव करावा म्हणून राखलेल्या पानाला तेथे ‘धूळपाटी’ म्हणतात. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरवावा आणि पुन्हा लिहावे. चुकण्याची लाज वाटू नये, ही त्यातील खुबी होती. सर्वांनी मिळून विचार करण्याच्या जागेला ‘चावडी’ असे नाव आहे. ‘ऱ्या’ हे अक्षर कळफलकावर कसे उमटवावे येथपासून एखाद्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा की नसावा येथपर्यंत सारे प्रश्न तेथे निघू शकतात, आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो.

अर्थात चावडी आली म्हणजे तंटाही आलाच. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी असे केले. अशा नगराच्या लेखाचे शीर्षक काय असावे, या प्रश्नाशी किती भावना गुंतलेल्या असतात, हे सीमाभागातील श्रोत्यांस सांगावयास नको. अशा वेळी कोशाचे धोरण असे की, लेखाने स्वतः पक्ष घेऊ नये. कोणते नाव कोण वापरतो आणि कशाच्या आधारे, तेवढे नोंदवावे. दोघांनी एकमेकांचा मजकूर खोडण्याचा सपाटा लावू नये म्हणून इंग्रजी कोशात नियम आहे की, चोवीस तासांत एका पानावर दुसऱ्याचे लेखन तीनपेक्षा अधिक वेळा उलटवू नये. त्यापुढे चर्चा करावी, आणि दोघांचे जमत नसेल तर तिसऱ्याचे मत मागावे. या नियमांच्या मुळाशी एक साधे गृहीत आहे. समोरचा माणूस, उलट पुरावा मिळेपर्यंत, भल्या हेतूने लिहीत आहे असे मानावे. नवागतावर तुटून पडू नये, असेही स्पष्टपणे लिहून ठेवलेले आहे.

एकमेकांच्या कष्टांची पोच देण्याची रीतही त्यांनी पाडली आहे. २००३ च्या अखेरीपासून इंग्रजी कोशातील संपादक परस्परांना ‘बार्नस्टार’ नावाचा एक चित्ररूप तारा देतात. अमेरिकेत धान्याच्या कोठारांवर शोभेसाठी असा तारा लावतात आणि तेथील खेड्यांत असे कोठार सारे शेजारी मिळून उभारीत असत. म्हणजे तिकडच्या सावडीचीच ही खूण. २०१३ पासून एखाद्या दुरुस्तीबद्दल नुसते आभार कळवण्याचीही सोय झाली आहे. या ताऱ्याची बाजारात किंमत काही नाही. परंतु रात्री जागून लेख सुधारणाऱ्याला, आपले काम कोणी तरी पाहिले, एवढे कळणे पुरेसे असते.

हे सारे नियम असूनही एक काळ असा आला की, या सावडीला ओहोटी लागली. इंग्रजी कोशातील नियमित संपादकांची संख्या २००७ साली शिगेला पोहोचली आणि मग वर्षानुवर्षे उतरत गेली. तोवर कोश प्रसिद्ध झाला होता. खोडसाळपणा वाढला होता आणि तो आवरण्यासाठी जुन्या मंडळींनी यंत्राची मदत घेतली होती. बिघडवलेले पान पूर्ववत व्हावे आणि लिहिणाऱ्याला ठरीव भाषेतील ताकीद जावी, हे सारे काही सेकंदांत होऊ लागले. २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी या ओहोटीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे पहिलेच लेखन अधिकाधिक वेळा उडवले जाऊ लागले आणि ते परत येईनासे झाले, असे त्यात दिसून आले. चोराला पकडण्यासाठी लावलेला पहारा पाहुण्यालाच दारातून घालवीत होता.

यावर काढलेला एक उपाय मोठा घरगुती आहे. २०१२ साली इंग्रजी कोशात ‘टीहाउस’, म्हणजे चहाघर, या नावाचे पान उघडण्यात आले. नव्या संपादकाला तेथे येण्याचे निमंत्रण जाते. त्याने कितीही साधा प्रश्न विचारला तरी अनुभवी यजमान त्याला नावाने हाक मारून, नियमांचे आकडे तोंडावर न फेकता, उत्तर देतो. निमंत्रण धाडण्याचे काम तेथेही यंत्रच करी. उत्तर मात्र माणूस देई. ज्यांना असे निमंत्रण गेले ते नवखे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात टिकले, असे पुढील पाहणीत आढळले.

लहान भाषांच्या बाबतीत या जिव्हाळ्याचा अभाव किती महाग पडतो, याचे उदाहरण २०२० साली स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेने पाहिले. त्या भाषेच्या विकिपीडियातील सुमारे एक तृतीयांश लेख, जिला ती भाषा नीट येतच नव्हती अशा एका अमेरिकन व्यक्तीने लिहिल्याचे उघडकीस आले. तिने बाराव्या वर्षी आरंभ केला होता. खोडी काढण्याचा हेतू नव्हता. इंग्रजी शब्दांना स्कॉट्स वळण दिले की भाषा झाली, अशी बालसुलभ समजूत होती. सात वर्षे हे चालले. बोभाटा झाल्यावर शिव्याशाप देणारे असंख्य निघाले. पण आरंभीच्या दिवसांत शेजारी बसून, बाळा, हे असे नव्हे, असे समजावणारा जाणता माणूस मिळाला नाही. पुढे ती भाषा बोलणारे लोक एकत्र आले आणि त्यांनी लेख सुधारण्याचे काम हाती घेतले. ही सावड सात वर्षे आधी झाली असती, तर भाषेची आणि त्या कोवळ्या जिवाची, दोघांचीही अप्रतिष्ठा टळली असती.

मराठीने यातून बोध घेतला पाहिजे. मराठी कोशात आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. परंतु ते सांभाळणारे हात मोजकेच आहेत. गोव्यात एक चांगला पायंडा पडला आहे. गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ साली कोणालाही श्रेय देऊन वापरता यावा म्हणून खुला केला, आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. संस्थेने साठवलेले ज्ञान आणि सामान्य माणसाची उमेद यांची तेथे गाठ पडली. ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी वस्त्यांची ग्रंथालये, जुनी वृत्तपत्रे, संस्थांचे अहवाल यांत असे कितीतरी आधार पडून आहेत, जे पुण्या-मुंबईच्या संपादकाला सहजासहजी मिळणार नाहीत. तेथील एखाद्या वाचकाने अहवालातील एक तारीख पानाच्या क्रमांकासह चर्चा पानावर कळवली, तरी ती खरी मदत होय. लेख लिहिलाच पाहिजे असे नाही.

शेतातील सावड आणि ही सावड यांत एक भेद आहे, श्रोतेहो. शेतात ज्याने मदत केली त्याच्याच बांधावर जाऊन ती फेडता येते. येथे तसे बहुधा घडत नाही. ज्याने पहिल्या दिवशी हात धरून शिकवले, तो कोण, कोठला, हे कळतही नाही; कधी तो काम सोडून निघूनही गेलेला असतो. त्याचे ऋण फेडावयाचे ते पुढे येणाऱ्या नवख्याजवळ. त्याची पहिली चूक दिसेल तेव्हा ती दुरुस्त करण्यापूर्वी त्याला दोन ओळी लिहाव्यात, इतकेच ते ऋण आहे. तेवढे फिटत राहिले, तर मराठी कोशाला हातांची वाण पडणार नाही.