'आधी शोधा' म्हणण्यापूर्वी



'उबुंटू' ही संगणक प्रणाली आपल्यापैकी काहींनी वापरली असेल. २००४ साली मार्क शटलवर्थ यांनी हा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीची काही वर्षं तिची सीडी नुसत्या मागणीवर टपालानं घरपोच, फुकट मिळायची. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. पण सीडी फुकट मिळाली, तरी अडल्यावर विचारायचं कुणाला? पैसे मोजले तर कंपनीची मदत मिळते. बाकीच्यांना उत्तरं देतात ते आपल्यासारखेच वापरणारे, स्वतःच्या फावल्या वेळात.

मीही काही वर्षं अशी उत्तरं देत असे. २००९ च्या अखेरीस एका शिक्षकांनी विचारलं, 'नवी आवृत्ती टाकल्यापासून मराठी टाइप होत नाही. काय करू?' हा प्रश्न पूर्वी अनेकदा येऊन गेलेला. मी एका ओळीत लिहिलं, 'आधी शोधा. उत्तर दिलेलं आहे.'

त्यांचं उत्तर आलं, 'शोधलं. तुमचंच उत्तर सापडलं. तसंच केलं. चालत नाही.'

मी चपापलो. तपासून पाहिलं, तर उबुंटूच्या ९.१० या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २००९ मध्ये, टायपिंगसाठीचं 'स्किम' जाऊन त्या जागी 'आयबस' आलं होतं. माझं उत्तर जुन्या स्किमचं! मी ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे, एवढंही लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून काही गोष्टी मी मनाशी पक्क्या केल्या. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते; म्हणून प्रत्येक उत्तरावर आवृत्ती आणि तारीख हवीच. जुनं उत्तर चुकीचं ठरलं, तर ते तसंच पडू न देता दुरुस्त करावं. विचारणाऱ्यानंही 'चालत नाही' एवढ्यावर थांबू नये. डॉक्टरांकडे जाऊन आपण नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणतो का? कोणती आवृत्ती, काय करून पाहिलं, पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, हे शब्दशः सांगावं. आणि अडचण सुटली, की कशानं सुटली तेही कळवावं. मागून येणाऱ्याला त्याचाच आधार असतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, एकच प्रश्न पन्नास जण विचारू लागले, तर पन्नासही जण आळशी नसतात. कुठेतरी माहितीपुस्तिका अपुरी असते, नाहीतर प्रणालीतच दोष असतो. अशा वेळी पन्नास जणांना दटावण्यापेक्षा, ती अडचण प्रणाली घडवणाऱ्यांच्या कानावर घालणं हीच खरी मदत. उत्तर देणाऱ्याचे कष्टही त्यानं वाचतात.

त्या शिक्षकांना मी दुसऱ्याच दिवशी माफी मागून योग्य उत्तर दिलं. त्यावर त्यांचं काहीच आलं नाही. त्यांचं काम झालं, की ते कंटाळून निघून गेले, मला आजही ठाऊक नाही. रागावून भांडणारा माणूस निदान दिसतो तरी. गप्प राहून निघून गेलेला कुणाच्या हिशेबात येत नाही.

'उबुंटू' हा दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द. त्याचा अर्थ माणुसकी. ती प्रणालीच्या नावात आहेच. आपल्या उत्तरातही असावी, एवढंच.