कोचीची दुसरी भेट

सहलीची आगबोट, जिला हल्लीं सर्वत्र 'क्रूझ' म्हणतात, सकाळीं बंदराला लागते आणि संध्याकाळीं सुटते. प्रवाशांच्या हातीं मधले सात-आठ तास काय ते असतात. बंदर नवें असलें म्हणजे सारी मंडळी लगबगीनें खालीं उतरतात. परंतु तेंच पूर्वीं पाहिलेलें असलें, कीं निम्मेअधिक लोक डेकवरच खुर्च्या टाकून बसतात. "कोची ना? तें आमचें पाहून झालें आहे," हें वाक्य मुंबईहून निघालेल्या बोटीवर हटकून ऐकूं येतें. पाहून झालें म्हणजे चिनी जाळीं पाहिलीं, वास्को द गामाला जेथें पुरलें होतें तें सेंट फ्रान्सिसचें चर्च पाहिलें, थोडी मिरी आणि वेलदोडे खरेदी केले, आणि एखाद्या संध्याकाळीं कथकळीचा खेळ पाहिला. एवढ्यानें शहराची तोंडओळख होते. परिचय होत नाहीं. परिचय व्हावयाचा तर शहराला कांहीं तरी विचारावें लागतें. कोचीला विचारण्याजोगा प्रश्न असा, कीं येथें परक्यांना थारा कसा मिळाला, आणि थारा मिळालेल्यांनीं पुढें काय केलें?

या प्रश्नाचा आरंभ बोटीच्या शिडीपासूनच होतो. बोट लागते तें विलिंग्डन बेट. मुंबईकरांना हें नांव क्लबामुळें परिचित आहे. तेच हे लॉर्ड विलिंग्डन. कोचीचें बंदर हें मुळांत एका पुराचें अपत्य. १३४१ सालीं पेरियार नदीला महापूर आला, प्राचीन मुझिरिसचा मार्ग गाळानें बुजला आणि कोचीच्या खाडीचें तोंड मोकळें झालें, असें मानतात. परंतु त्या तोंडाशीं पाण्याखालीं वाळूचा मोठा दांडा पसरलेला होता. त्यामुळें मोठ्या बोटींना बाहेर समुद्रांतच नांगर टाकावा लागे व माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणावा लागे. १९२० सालीं रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनियर येथें आला. त्यानें तो दांडा फोडून खोल मार्ग काढला, आणि १९२८ सालीं 'पद्मा' ही आगबोट आंतल्या बंदरांत शिरली. उपसलेला गाळ व वाळू टाकून जी जमीन तयार केली, तिच्यावर आजचे धक्के उभे आहेत. म्हणजे प्रवाशाचें पहिलें पाऊल पडतें तें समुद्राच्या तळाच्या मातीवर!

बेटावरून पूल ओलांडला, कीं मट्टांचेरी हें जुनें गांव लागतें. येथील राजवाडा पोर्तुगीजांनीं १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला नजर केला. पुढें डच लोकांनीं त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्याला 'डच पॅलेस' म्हणतात. भिंतींवरील रामायणाचीं चित्रें पाहण्यास गर्दी असतेच. दुसऱ्या भेटीला आलेल्यानें मात्र या वाड्याच्या शेजारीं काय आहे, तें पाहावें. वाड्याला लागूनच, राजानें दिलेल्या जमिनीवर, यहुद्यांचें प्रार्थनामंदिर आहे. तें १५६८ सालीं बांधलें. स्पेन देशांतून १४९२ सालीं हद्दपार झालेल्या यहुद्यांपैकीं कांहीं कुटुंबें कोचीस येऊन पोंचलीं होतीं. पोर्तुगीजांनीं १६६२ सालीं या मंदिराची नासधूस केली; दुसऱ्याच वर्षीं डचांनीं शहर घेतलें आणि १६६४ सालीं मंदिर पुन्हां उभें राहिलें. पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या चीन देशांतून आणलेल्या आहेत. मनोऱ्यावरील घड्याळ १७६० च्या सुमाराचें. त्याच्या निरनिराळ्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिपींतले आंकडे आहेत, म्हणजे ज्यानें त्यानें आपल्या अक्षरांत वेळ पाहावी. मराठी माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. कोंकणांतील बेने इस्रायल, ज्यांना आपले लोक 'शनवार तेली' म्हणत, त्यांना धर्मविधि शिकविण्यास एकोणिसाव्या शतकांत कोचीचेच यहुदी आले होते.

तेथून थोड्याच अंतरावर चेरळाई ही वस्ती आहे. येथें कानावर पडते ती कोंकणी. सोळाव्या शतकांत गोव्यांतील देवळें पाडलीं गेलीं, पुढें १५६० सालीं तेथें इन्क्विझिशन सुरू झालें, आणि असंख्य कुटुंबें देव उराशीं धरून दक्षिणेकडे निघालीं. त्यांपैकीं पुष्कळ सारस्वत कोचीला आले. तेथें त्यांनीं व्यापार उभारला व वेंकटेशाचें तिरुमल देऊळ बांधलें. राजानें केवळ दयेपोटीं जागा दिली असें मात्र समजूं नये. मिरीच्या व्यापाराला हुषार आणि विश्वासू माणसें लागत, तीं या आश्रितांत त्याला मिळालीं. थारा देणाऱ्याचाही त्यांत लाभ होता. त्यामुळेंच तो टिकला.

या आश्रितांनीं शहराला काय दिलें, याचा एक पुरावा ग्रंथरूपानें उरला आहे. डचांचा मलबारांतील मुख्याधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हीड यानें येथील वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. 'होर्टस मलबारिकस' या नांवानें त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. वनस्पतींचे गुणधर्म सांगण्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचा मोठा वांटा होता. आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट असे तीन कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांचें १६७५ सालचें साक्षपत्र पहिल्या खंडांत त्यांच्याच भाषेंत, नागरी लिपींत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलें आहे. युरोपांत छापलेल्या नागरी अक्षरांच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांपैकीं तें एक होय. ज्यांच्या पूर्वजांना एका युरोपीय सत्तेमुळें गांव सोडावें लागलें, त्यांचींच अक्षरें शंभर-सव्वाशें वर्षांनीं युरोपांत छापलीं गेलीं!

येथवरची हकीकत ऐकून कोची म्हणजे निव्वळ सलोख्याचें नंदनवन, असा कोणाचा समज होईल. तो बरोबर नव्हे. ज्या यहुद्यांना राजानें आपल्या वाड्याच्या भिंतीशीं जागा दिली, त्यांनीं आपल्या मंदिरांत स्वधर्मीयांपैकींच कांहींना बांकावर बसूं दिलें नाहीं. मुक्त केलेल्या दासांचे वंशज म्हणून त्यांना खालीं बसावें लागे. त्या वंशांत जन्मलेले वकील अब्राहम बराक सालेम यांनीं विसाव्या शतकांत या अन्यायाविरुद्ध सत्याग्रहाच्या मार्गानें लढा दिला, आणि हळूहळू तो भेद ढिला पडला. स्वतः निर्वासित असलेला मनुष्यही दुसऱ्याला जागा नाकारूं शकतो, हें त्या चिनी फरशीवर उभें राहिलें असतां विसरतां येत नाहीं.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झाल्यावर बहुतेक यहुदी तिकडे गेले. त्यांना कोणी हांकललें नाहीं; ते आपण होऊन गेले, आणि ही गोष्ट जगाच्या इतिहासांत विरळा आहे. १९६८ सालीं मंदिराच्या चारशेंव्या वाढदिवसास पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. परंतु पुढें पुढें सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुषही जमेनासे झाले. आज त्या गल्लींत दुकानें आहेत, प्रवासी आहेत. राहणारे जवळजवळ उरले नाहींत. चेरळाईंत मात्र देवळाची घंटा वाजते, आणि चारशेंहून अधिक वर्षांनंतरही कोंकणी भाषा घरोघर जिवंत आहे. जेथें मनुष्यें राहतात तेथें भाषा राहते. इमारती सांभाळून एवढेंच साधतें, कीं कोण गेलें तें समजतें.

व्यवहाराच्या दृष्टीनें दोन गोष्टी ध्यानांत असाव्यात. शनिवार हा यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस असल्यामुळें त्या दिवशीं मंदिर बंद असतें. बोट इतर वारीं आली, तर सकाळच्या पहिल्या प्रहरींच मट्टांचेरी गांठावें, नंतर चेरळाईकडे वळावें, आणि दुपारीं मसाल्याच्या वखारींवरून बाजाररस्त्यानें फोर्ट कोचीपर्यंत पायीं जावें. चिनी जाळीं तेथें भेटतातच. दगडांचा भार लावलेली ती अवजड जाळी चार-सहा माणसांच्या एकजुटीवांचून वर येत नाहीं.

संध्याकाळीं शिट्टी होते आणि बोट त्याच खोदलेल्या मार्गानें बाहेर पडते. दिवसभर डेकवर बसलेल्यांना किनारा पूर्वींसारखाच दिसतो. गांवांत हिंडून आलेला प्रवासी मात्र मुंबईच्या धक्क्यावर उतरेल तेव्हां तोच प्रश्न घेऊन उतरेल. कारण मुंबईही धक्क्यावर उतरलेल्यांनींच मोठी केली आहे. आणि तेथेंही कोणाला बांकावर जागा मिळते व कोणाला खालीं बसावें लागतें, हें पाहण्यास बोटीचें तिकीट लागत नाहीं.