चिखलांतील चाक

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत इस्लापूर म्हणून एक गांव आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा तेथून जवळच. पावसाळ्यांत तो पाहावयास पुष्कळ लोक जातात; परंतु त्याच दिवसांत एखादी भरलेली मालमोटार डांबरी सडक सोडून शेतवाटेला लागली, म्हणजे तिच्या चाकांचें काय होतें, तिकडे लक्ष देणारा विरळा.

काळी माती पाणी प्याली कीं फुगते आणि फुगली कीं चिकटते. वाळूंत चाक रुततें तें वाळू सरकते म्हणून. काळींत अडतें तें माती अंगाला बिलगते म्हणून. हा भेद ध्यानांत न घेतां टायरांची तुलना केली, तर पैसे फुकट जातात.

मालमोटारीच्या टायरांत मुख्य नक्षी दोन. 'रिब' म्हणजे परिघाला धरून गेलेल्या सरळ पट्ट्या. 'लग' म्हणजे आडवे, जाड उंचवटे. खास चिखलासाठीं केलेल्या टायरांत हे उंचवटे अधिक उंच व विरळ असतात. उंचवटा जितका मोठा तितका टायर चांगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. महत्त्व आहे तें दोन उंचवट्यांमधल्या मोकळ्या जागेला. ही जागा अरुंद असली तर चाकाच्या दोनचार फेऱ्यांतच ती मातीनें लिंपून जाते, आणि एवढा दांताळ टायर हंड्याच्या बुडासारखा गुळगुळीत होतो. ती रुंद व कडेला उघडी असली, तर फिरतां फिरतां चाक माती झटकून टाकतें. ट्रॅक्टरच्या टायरावरील बाणासारख्या तिरप्या रांगांचें इंगित हेंच. तो टायर उलटा बसविला, तर तीच नक्षी चिखल बाहेर लोटण्याऐवजीं आंत ओढते!

परंतु नक्षीपेक्षांही मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं, ती म्हणजे आंतली हवा. जड मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड दाब भरतात, आणि साधारण तेवढ्याच दाबानें टायर जमिनीला रेटतो. हवा कमी केली कीं टायर पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो व चाक कमी रुततें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकनांनीं 'डक' नांवाची पाण्यांत व जमिनीवर चालणारी मोटार केली. तिच्या चालकाला बसल्या जागेवरून टायरांतील हवा कमीजास्त करतां येत असे. आपल्याकडे पुष्कळांना नवा महाग टायर सुचतो, पण साधा पंप बरोबर ठेवणें सुचत नाहीं. मात्र चिखल संपतांच हवा पुन्हां भरलीच पाहिजे. मऊ टायर भरधाव पळविला तर त्याच्या कडा तापतात व तो फुटतो.

चिखलाचा टायर ओल्या डांबरावर भरंवशाचा नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्याचें थोडेंच रबर सडकेला टेकतें. म्हणून ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक अंतर घेते. त्या अंतरांत एखादा सायकलवाला असूं शकतो. ज्या मोटारीची बहुतेक वाट डांबरी आहे, तिला पुढें रिब व मागच्या ओढणाऱ्या चाकांना लग, ही जुनी रीतच बरी. चारी बाजूंनीं दांताळ टायर लावून मिरविणें ही निव्वळ हौस होय.

आणि चाक एकदां जागच्या जागीं गरगरूं लागलें, कीं उत्तम टायरच अधिक घात करतो. त्याचे दांत माती उकरीत खालीं जातात, शेवटीं मोटारीचा आंस जमिनीला टेकतो. मग ट्रॅक्टर आणून मोटार ओढून काढतात. ती निघून जाते. वाटेंत ढोपरभर खोल चाकोऱ्या राहतात. चार दिवस ऊन पडलें कीं त्या विटेसारख्या कठीण होतात. बैलगाडी त्यांत शिरली तर बैलांच्या माना मोडावयाची वेळ येते. मग गाडीवान वाट सोडून शेजारच्या उभ्या कापसांतून गाडी घालतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं बांधावर भांडण उभें राहतें.