जागा खेळून मिळवायची

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत, संघ १६. एरवी आपल्या खंडातले सामने जिंकून पात्र व्हावं लागतं. भारताला यजमान म्हणून थेट जागा मिळाली. आपण तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. टांझानियाच्या मुली मात्र आफ्रिकेतून जिंकत पहिल्यांदाच आल्या आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या.

आपली कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, खेड्यातलीच. यजमानाची जागा नेहमी मिळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, संध्याकाळी तासभर लेकीच्या डोक्यावरचा हंडा आपण घेऊ. तिला मैदानावर जाऊ दे.