हातातला पट

बुद्धिबळ, सारीपाट यांसारखे जुने बैठे खेळ आज मुलांच्या हातातील खेळयंत्रांत जाऊन बसले आहेत. हे खेळ तेथे कसे मावले, आणि मावताना त्यांचे काय झाले, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ हे यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा. बुद्धिबळाच्या पटावर एका रांगेत आठ घरे असतात. १४४ ला आठाने भागले की एका घराच्या वाट्याला अठरा ठिपके येतात. तेवढ्यात घोडा घोड्यासारखा आणि उंट उंटासारखा दिसला पाहिजे! जपानी बुद्धिबळाचा, म्हणजे शोगीचा, पट नऊ घरांचा. तेथे घराला बरोबर सोळा ठिपके मिळतात. परंतु ‘गो’ नावाच्या खेळाच्या पटावर एकोणीस रेघा असतात. गेम बॉयचे चित्र आठ-आठ ठिपक्यांच्या चौकटी जोडून तयार होते आणि उभ्या ओळीत अशा चौकटी अठराच बसतात. एक रेघ बाहेरच राहते! मग सोंगट्या बारीक कराव्यात, पट सरकता ठेवावा, की नवशिके वापरतात तो नऊ रेघांचा पट घ्यावा, हे रचनाकाराने ठरवावयाचे. शिवाय त्या पडद्यावर छटा अवघ्या चार, त्याही एकाच रंगाच्या. तेव्हा ल्यूडोच्या लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या सोंगट्या रंगावरून नव्हे, तर आकारावरून ओळखावयाच्या.

दुसरी अडचण खेळाडूंची. बुद्धिबळात सारे उघड असते, त्यामुळे एकच यंत्र दोघांत फिरवता येते. पत्त्यांच्या खेळात मात्र हातची पाने झाकलेली असतात. तेथे प्रत्येकाला स्वतःचा पडदा हवा. गेम बॉयची दोन यंत्रे तारेने जोडण्याची सोय होती, ती अशा वेळी उपयोगी पडे.

पुढे पडदे मोठे झाले, २००४ सालच्या ‘निन्टेंडो डीएस’मध्ये बोटाने स्पर्श करून सोंगटी हलवणे शक्य झाले, आणि जागेचा प्रश्न बहुतेक मिटला. नियमांचा प्रश्न मात्र उरला, आणि तो मला माझ्याच घरी कळला.

माझ्या वडिलांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. बुद्धिबळाचा त्यांना मोठा नाद. पण अलीकडे हात कापतो, एक मोहरे उचलताना शेजारची दोन पडतात. त्या संकोचाने त्यांनी पट माळ्यावर ठेवून दिला होता. गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुटीला आला आणि त्याने आपले यंत्र आजोबांपुढे ठेवले. बोट टेकवले की मोहरे जागेवर जाते, काही पडत नाही, हे पाहून वडील खुर्ची ओढून बसले. तिसऱ्याच खेळीला त्यांनी हात वर केला. “अरे, प्यादे दोन घरे कसे गेले?”

वडील शिकले ते देशी पद्धतीने. त्यांच्या खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची चाल मिळते. यंत्राला ठाऊक आंतरराष्ट्रीय नियम. भाचा क्षणभर विचारात पडला, मग म्हणाला, “आजोबा, मीही प्यादे एकच घर चालवीन.” यंत्राची त्याला हरकत नव्हती. पण डावाच्या मध्यास वडिलांनी राजा अडीच घरे नेण्यासाठी बोट टेकवले, तेव्हा राजा जागचा हलला नाही. पुन्हा टेकवले, तरी नाही. ते हसून म्हणाले, “हा राजा माझे ऐकत नाही.” हसले खरे, पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

श्रोतेहो, लाकडी पटाला नियम ठाऊक नसतात. ते खेळणाऱ्या दोघांच्या शब्दात असतात. म्हणूनच सोंगट्यांचे दान गावोगावी निराळे, आणि तीन वेळा सहा पडले तर काय, यावर घराघरांत वाद. त्या वादातून मुले तडजोड करावयास शिकतात. यंत्रात नियम एकदा गोठला की वाद संपतो, आणि त्याबरोबर निवडीचा अधिकारही संपतो. या खेळांची रचना करणाऱ्यांनी पटाबरोबर घरच्या नियमांनाही थोडी जागा ठेवली, तर खेळ अधिक खरा उतरेल.

तथापि यंत्राला दोष देऊन मी थांबणार नाही. दोन वर्षे माळ्यावर पडलेला डाव त्यानेच पुन्हा मांडला. सुटी संपेपर्यंत आजोबा आणि नातू रोज संध्याकाळी समोरासमोर बसत. निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने माळ्यावरचा लाकडी पट खाली काढला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही चाल सांगा, मोहरे मी हलवतो.” त्या डावात राजा अडीच घरे गेला.