लॅग होतंय म्हणजे नक्की काय होतंय?

कोणी लोकलमध्ये असेल, कोणी होस्टेलच्या कॉटवर पडून हेडफोन लावून ऐकत असेल. आजचा भाग गेमिंगचा आहे. पण मी गेम कसा जिंकायचा ते सांगणार नाही, कारण ते मलाच जमत नाही. आज बोलायचंय ते लॅगबद्दल. आणि मी माझ्या धाकट्या भावाला विनाकारण कसा झापला, त्याबद्दल.

गेम आहे मार्व्हल रायव्हल्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला हा फुकट खेळता येणारा ऑनलाइन गेम. सहा विरुद्ध सहा. स्पायडरमॅन, आयर्न मॅन, थॉर, वुल्व्हरिन, सगळी मंडळी हजर. हिरोंचे तीन प्रकार आहेत. व्हॅनगार्ड म्हणजे पुढं उभं राहून मार खाणारे, ड्युएलिस्ट म्हणजे मारणारे आणि स्ट्रॅटेजिस्ट म्हणजे मागून बाकीच्यांना हील करणारे.

आमचं घर तासगावजवळ. मी पुण्यात नोकरीला, भाऊ दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" "हो." "पैसे आहेत का?" "आहेत." संपलं. खरं बोलणं व्हायचं ते शनिवारी रात्री अकरानंतर, गेममध्ये. मी ग्रूट, तो रॉकेट. गेम आला तेव्हाच या दोघांना एक टीम-अप मिळाला होता, रॉकेट ग्रूटच्या खांद्यावर चढून बसू शकायचा. मी पुढं भिंती उभ्या करायच्या, त्यानं खांद्यावरून मला हील करायचं. आणि खेळता खेळता कॉलेजचं, मेसच्या भाजीचं, पोरीबाळींचं, सगळं बोलणं व्हायचं.

मग जानेवारीत काय व्हायला लागलं, की पहिली मॅच झकास, दुसऱ्या मॅचला हा गायब. म्हणजे खांद्यावर आहे, पण हील येत नाही. मी मरतोय. मी ओरडतोय, "अरे हील कुठंय?" तो म्हणतोय, "दादा, लॅग होतंय." असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो, "तो डबा बदल आता. नवीन घे ईएमआयवर. पंच्याऐंशी हजारात चांगला येतोय." तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी आलाच नाही. म्हणाला सबमिशन आहे. त्याच्या पुढच्याही शनिवारी सबमिशनच.

आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसमध्ये कोणी "सिस्टीम स्लो आहे" एवढंच लिहून तिकीट टाकलं तर मी ते परत पाठवतो. काय स्लो आहे, कधीपासून, किती, ते लिहा म्हणतो. आणि सख्ख्या भावाला मात्र काहीही न विचारता थेट नवीन लॅपटॉप सांगून मोकळा! हे डोक्यात आलं आणि जरा लाज वाटली. मग त्याला फोन केला. म्हटलं, खेळायचं नाही, फक्त स्क्रीन शेअर कर, आपण बघू.

पहिली गोष्ट. आपण सगळ्यालाच लॅग म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार आहेत. एक, नेटचा. तुमचं बटण दाबणं सर्व्हरपर्यंत पोचून उत्तर परत यायला उशीर होतो, त्या जाण्यायेण्याच्या वेळेला पिंग म्हणतात. यात चित्र गुळगुळीत हलतं, पण तुम्ही मारलेली गोळी लागत नाही, माणूस मध्येच मागं खेचला जातो. दोन, एफपीएस कमी. म्हणजे मशीनच चित्रं हळू काढतंय. तीन, अडखळणं. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण मध्येच अर्धा सेकंद सगळं गोठतं. तिन्हीची औषधं वेगळी. नेटचा आजार असताना ग्राफिक्स कमी करून काय उपयोग? पाय दुखतोय आणि आपण डोक्याला बाम लावतोय.

गेमच्या सेटिंग्जमध्ये एफपीएस आणि पिंग स्क्रीनवर दाखवायची सोय आहे. ती चालू केली. प्रॅक्टिसच्या मैदानात एकाच जागी, एकाच हिरोनं फिरायला सांगितलं. हे महत्त्वाचं आहे. दर वेळी वेगळ्या मॅचमध्ये मोजलं तर तुलना होत नाही.

पिंग सत्तरच्या आसपास, स्थिर. म्हणजे होस्टेलचं वायफाय निर्दोष. एफपीएस ७२. मी म्हटलं, चांगलाय की! तो म्हणाला, "थांब की दादा, पंधरा मिनिटं." आणि खरंच, पंधराएक मिनिटांनी ७२ वरून थेट २४. म्हणजे एक चित्र काढायला १४ मिलिसेकंद लागत होते तिथं आता ४२ लागायला लागले.

इथं एक गंमत सांगतो. कमी एफपीएसनं फक्त चित्र खराब दिसतं असं नाही. गेममध्ये मागच्या फ्रेमपासून या फ्रेमपर्यंत किती वेळ गेला तो मोजतात, त्याला डेल्टा टाइम म्हणतात. हालचालीचं गणित त्या वेळेच्या हिशोबानं करायचं असतं, म्हणजे फास्ट मशीन आणि स्लो मशीन दोन्हीवर हिरो सारखाच पळतो. त्यात कुठं चूक राहिली की कमी एफपीएसवाल्याचा हिरो खरोखरच कमकुवत होतो. मार्व्हल रायव्हल्समध्ये अशी अडचण काही हिरोंच्या हालचालीला आणि डॅमेजला येत होती, हे गेम बनवणाऱ्यांनीच २०२५ च्या सुरुवातीला मान्य केलं होतं. तेव्हा "लॅगमुळं हरलो" म्हणणारा प्रत्येक जण बहाणा करत नसतो.

असो. पंधरा मिनिटांनी एफपीएस पडतोय म्हटल्यावर मी लगेच निदान केलं, तापतोय! गादीवर ठेवून खेळतोस, खालची हवेची जाळी बंद होते, फॅनमध्ये धूळ असणार. मी लेक्चर चालू केलं. त्यानं मध्येच विचारलं, "पण दादा, टेंपरेचर किती पाहिजे?"

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जीपीयूचं तापमान दिसतं. दिसत होतं ५८. अहो, ५८ म्हणजे काहीच नाही. गेमिंग लॅपटॉपचा जीपीयू खेळताना सत्तर-ऐंशीच्या घरात असतो. तापला म्हणून वेग कमी करायची वेळ त्याच्याही वर येते. म्हणजे माझं निदान साफ चुकलं. मशीन तापत नव्हतं, उलट थंड होतं. थंड होतं कारण काम करत नव्हतं.

मग जीपीयूला किती वॅट मिळतायत ते बघितलं. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरसोबत जो ओव्हरले येतो, त्यात हे दिसतं. सुरुवातीला साठच्या आसपास, आणि एफपीएस पडला तेव्हा १८. कोणीतरी नळ पिळून बंद केल्यासारखं. आणि तेवढ्यात खाली कोपऱ्यात लक्ष गेलं. प्लगचं चिन्ह आहे, चार्जिंग लावलेलं आहे, पण बॅटरी ३१ टक्के. सुरू केलं तेव्हा ती भरलेली होती.

चार्जर लावलेला असताना बॅटरी उतरते, याचा अर्थ एकच. चार्जर जेवढं देतोय त्यापेक्षा मशीन जास्त खातंय. कमी पडेल तेवढं बॅटरीतून घेतं, आणि बॅटरी बरीच खाली गेली की लॅपटॉप स्वतःच सगळ्यांचा रतीब कमी करतो.

मी विचारलं, "चार्जर कुठला लावलायस?"

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं कॉल कट झाला.

मग म्हणाला, "रूममेटचा आहे. टाइप-सी. पासष्ट वॅटचा."

त्याच्या लॅपटॉपचा मूळ चार्जर १८० वॅटचा. तो डिसेंबरात जळाला होता. होस्टेलच्या बोर्डात ठिणगी उडाली आणि गेला. घरी सांगितलं नाही, कारण त्या वर्षी अवकाळीत बाग गेलेली आणि पप्पा औषधांच्या दुकानाची उधारी कशी फेडायची या विचारात. मला का सांगितलं नाही? तर म्हणाला, "तू म्हणाला असतास, सांभाळता येत नाही का." आणि मंडळी, खरं सांगतो, मी तेच म्हणालो असतो.

गेमचं सोडा हो. फायनल इयरचा त्याचा अँड्रॉइड ॲपचा प्रोजेक्ट होता. एक बिल्ड व्हायला इतका वेळ लागायचा, की तो रात्री लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसायचा. दोन महिने. "सबमिशन आहे" हे खोटं नव्हतंच. आणि मी त्याला हील कुठंय विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच वॅटचा, त्याच पिनचा ओरिजिनल चार्जर मागवला. साडेतीन हजार. तो लावल्यावर एफपीएस तासभर खेळूनही ७० च्या खाली फारसा गेला नाही. पण मधून मधून अडखळणं चालूच होतं. म्हणजे तिसरा आजार अजून शिल्लक होता.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं, तर वापर ९५ टक्के आणि खाली लिहिलेलं, दोन स्लॉटपैकी एक वापरात. ८ जीबीची एकच स्टिक. या गेमची किमान गरजच १६ जीबी रॅमची आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर ठेवतं, आणि तो परत आणताना गेम गचके खातो. शिवाय एकाच क्षमतेच्या दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. तशीच दुसरी स्टिक घेतली, सतराशेला. आधी डीडीआर ४ आहे की ५ ते बघून घ्या, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आणि लॅपटॉप उघडणार असाल तर वॉरंटीचं बघून घ्या, जमत नसेल तर ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून बसवून घ्या.

मग सेटिंग्जकडे वळलो. त्याचं कार्ड आरटीएक्स ३०५०, ४ जीबीवालं. ग्लोबल इल्युमिनेशन आणि रिफ्लेक्शनमध्ये ल्युमेन नावाचा पर्याय असतो, तो दिसायला भारी पण खूप जड. तो काढला. टेक्स्चर मीडियमवर, कारण कार्डाची मेमरी कमी. डीएलएसएस चालू केलं, त्यात गेम लहान चित्र काढतो आणि कार्ड ते मोठं करतं. तुमच्या कार्डाला ते चालत नसेल तर एफएसआर वापरा. एफपीएसला ६० ची मर्यादा घातली. कधी ७५ कधी ४५ यापेक्षा कायम ६० हाताला बरं वाटतं. ड्रायव्हर अपडेट केल्यावर गेम सुरू होताना शेडर कंपाइल व्हायला वेळ घेतो, तेव्हा घाई करून मॅचमध्ये उडी मारू नका, ते पूर्ण होऊ द्या.

तुमच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

एक, आधी आजार कोणता ते ओळखा. नेट, एफपीएस की अडखळणं.

दोन, आकडे लिहून ठेवा. एफपीएस, तापमान, वॅट, रॅम. वहीत लिहा, मोबाइलवर लिहा, पण लिहा.

तीन, एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

चार, "एफपीएस बूस्टर" म्हणून कुठूनही फाइल उतरवून चालवू नका, आणि त्यासाठी अँटीव्हायरस बंद करा असं कोणी सांगितलं तर अजिबातच नको. एफपीएस वाढणार नाही, पासवर्ड मात्र जातील.

आणि तुमच्यातले बरेच जण मोबाइलवर खेळता, तुम्हालाही हेच लागू आहे. चार्जिंगला लावून खेळलात की फोन तापतो आणि वेग कमी करतो. जाड कव्हर काढा, बॅटरी सेव्हर बंद आहे का बघा, मग फोनला शिव्या द्या.

एकूण खर्च पाच हजार दोनशे. मी सांगत होतो पंच्याऐंशी हजार.

पैसे मीच दिले. तो नको म्हणत होता, जॉब लागल्यावर परत देतो म्हणाला. मी म्हटलं, परत देऊ नकोस, फक्त पुढच्या वेळी काही जळालं तर आधी मला फोन कर, मी काही बोलणार नाही. तो म्हणाला, "बोलशीलच तू." म्हटलं, बरं, कमी बोलीन.

प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. मार्चच्या पहिल्या शनिवारी रात्री अकराला रॉकेट परत खांद्यावर. पहिली मॅच आम्ही हरलो. या वेळी लॅग नव्हता, मीच भिंत चुकीच्या जागी उभी केली होती. आणि त्यानं मला मनसोक्त झापलं.

तर मंडळी, घरातलं कोणी "लॅग होतंय" म्हणालं तर तोडगा सांगायच्या आधी एक प्रश्न विचारा. चार्जर कुठला लावलायस? इथून सुरुवात केली तरी चालेल.

तुमच्या मशीनचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि तो लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा!